जुना दोस्त आणि लांबची डोंगरवाट: तुमचेही अनुभव लिहा

माझ्या शाळासोबत्यानं सातमाळेच्या चालीला तीन लिटरचा प्रेशर कुकर आणला होता. तिथूनच सुरुवात करतो.

पंचवटीतल्या एका शाळेत आम्ही सातवीपासून एका बाकावर. विशी-बाविशीत रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी असं पुष्कळ फिरलो. मग नोकऱ्या, लग्नं, मुलांच्या शाळा. तो कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता, मी एसटीत हिशेबाच्या टेबलावर. दोघंही निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "लेका, अचला ते चांदवड राहिलंय आपलं. जायचं का?" मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत हो म्हणालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातमाळ ही किल्ल्यांची रांग नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरली आहे. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि शेवटी चांदवड. धार एकच, पण किल्ला संपला की खिंडीत उतरायचं आणि पुन्हा छातीवरचा चढ. डिसेंबरातल्या चार दिवसांत आम्ही धोडपपर्यंत गेलो.

अचला उतरून अहिवंताच्या दिशेनं ढोरवाटेला लागलो. कुकरचं झाकण आतल्या आत भांड्यावर आपटत होतं, दर पावलाला टण, टण. थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं तर पंधरा-वीस शेळ्या ओळीनं त्याच्या मागं. आम्ही थांबलो की त्या थांबायच्या, निघालो की निघायच्या. त्यांच्या मागून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा धापा टाकत आला आणि काकुळतीनं म्हणाला, "बाबा, तुमच्या पिशवीत शेळी आहे का? माझ्या माघारी फिरंनात!" मित्रानं तिथंच बसकण मारली, सॅक सोडली, कुकर काढून दाखवला. पोरानं झाकण उघडून आत पाहिलं, तेव्हा कुठं त्याची खात्री पटली. मग टॉवेल मध्ये घालून झाकण घट्ट बसवलं. पोराला दोन मेथीचे लाडू मिळाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नांदुरीचा डांबरी रस्ता मागं टाकून मार्कंड्याखालच्या मुळाणबारीत, म्हणजे खिंडीत आलो. उजेड पडत होता, समोर सप्तशृंगीचा कडा. मार्कंडेय ऋषींचं स्तवन ऐकायला देवीनं मान किंचित कलती केली अशी कथा आहे, आणि या बारीत उभं राहिलं की दोन डोंगर एकमेकांशी बोलत असावेत असंच वाटतं. तिथं चहाबरोबर खिचडी टाकायची म्हणून कुकर काढला, तर शिट्टी नाही. सगळी सॅक उलटी केली. मी म्हणालो, काल भांडी तू आवरलीस. तो म्हणाला, विसळली तू. त्यावरून आम्ही १९७८ सालच्या हरवलेल्या कंपासपेटीपर्यंत गेलो, आणि तिथून पुढं बोलणंच बंद. रवळ्या-जवळ्याच्या पठारापर्यंत दोन तास तो पुढं, मी मागं. सॅकच्या बाहेर त्यानं मोजे वाळत टाकले होते. त्यातला एक डावीकडं-उजवीकडं लोंबकळत होता, मी तो बघत चाललो होतो.

पठारावरच्या वस्तीवर एका आजींनी ताक दिलं. मित्र बूट काढून मोजे बदलायला बसला, त्यानं तो लोंबकळणारा मोजा ओढला आणि त्यातून शिट्टी टपकन अंगणात पडली. आवाज होऊ नये म्हणून रात्री त्यानंच ती मोज्यात घातली होती. आम्ही इतके हसलो की आजी घाबरून पाणी घेऊन आल्या.

एकेकाळी ज्याच्या खिशातले चिंचोके मोजलेत, त्याच्याबरोबर साठीत चार दिवस चालण्याची गंमत दुसऱ्या कशात नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. नाशिकच्या डोंगरांत जुन्या दोस्ताबरोबर, मैत्रिणीबरोबर लांब चालला असाल तर लिहा. कुठं चुकलात, काय खाल्लं, कशावरून भांडलात, तपशील गाळू नका.

*

*नाशिकरोडवरून*

काका, मोज्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं हसून. माझा अनुभव किल्ल्याचा नाही, ब्रह्मगिरीच्या फेरीचा आहे. चालेल ना?

मी आणि माझी नर्सिंग हॉस्टेलची मैत्रीण, दोघी बावन्न वर्षांच्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची प्रदक्षिणा करायची असं हॉस्टेलच्या गच्चीवर ठरलं होतं, ते तीस वर्षांनी जमलं. रविवारी रात्री कुशावर्तावर हातपाय धुऊन निघालो. साधारण वीस किलोमीटरची वाट, अंधार, पाऊस, पुढं-मागं हजारो माणसं आणि "बम बम भोले". तिचा अनवाणी चालायचा नवस होता. आम्ही दोघींनी एकाच दुकानातून सारखे जांभळे रेनकोट घेतले होते, हरवायला नको म्हणून.

प्रयागतीर्थ गेलं, पहिने गेलं. पाऊस असा की टोपी पुढं ओढून फक्त पायाखालचा चिखल दिसत होता. एका ओढ्यापाशी मी तिचा हात घट्ट धरला आणि तिच्या घरचा विषय काढला. तिच्या सासूबाई तिला दवाखान्यातून दमून आल्यावरही पोळ्या लाटायला लावतात, ते मला कधीच पटलेलं नाही. म्हटलं, आज मनातलं बोलूनच टाकावं. "अगं, किती ऐकशील त्यांचं? एकदा सरळ सांग, आज जमणार नाही म्हणून." शेजारून नुसतं "हं, हं". मला वाटलं दमली असेल. अर्धा तास मी बोलत होते.

पुढं एका मंडळाच्या मांडवात दिवा होता. तिथं टोपी मागं गेली, तर सत्तरीच्या एक अनोळखी बाई! जांभळाच रेनकोट. माझा हात तसाच धरून म्हणाल्या, "बाई, मी स्वतः सासू आहे. पण तू खरं बोलत होतीस, म्हणून मध्ये तोडलं नाही." त्यांची सून पुढं निघून गेली होती, आणि अंधारात आधाराचा हात मिळाला म्हणून त्यांनीही सोडला नव्हता.

माझी मैत्रीण त्याच मांडवात बसली होती. साबुदाण्याच्या खिचडीचे दोन द्रोण घेतलेले, एकावर दुसरा पालथा घालून माझ्यासाठी झाकून ठेवलेला. तिच्या तळपायाला खडे रुतून रक्त आलं होतं, ते मी पुसलं, पट्टी बांधली. त्या आजी तिला म्हणाल्या, "तुझी मैत्रीण तुझ्यासाठी फार भांडते गं." उरलेली वाट आम्ही तिघींनी मिळून चालली. उजाडताना त्र्यंबकात शिरलो तेव्हा त्यांची सून रडवेली होऊन रस्त्यात उभी होती. आजींनी सगळ्यांत आधी तिला काय सांगितलं असेल? "आज पोळ्या नकोत, बाहेरच खाऊ."

*

*सातपूरहून*

छोटासाच आहे. कुलंग. आयटीआयचा दोस्त, दोघं कारखान्यात एकाच पाळीत. आंबेवाडीतून चढ सुरू केला, तो संपता संपत नाही, चढाला एवढा लांब किल्ला आपल्याकडं क्वचितच. वर पोचलो, टाक्यांच्या ओळीपाशी पथारी टाकली, स्टोव्ह लावला, मॅगी काढली, आणि काडेपेटी नाही. दोस्तानं तीन महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली होती. माझ्याच बायकोपुढं शपथ घेऊन. तो शांतपणे उठला, सॅकच्या अगदी तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लायटर काढला आणि म्हणाला, "वहिनीला सांगू नको." मी आजवर सांगितलं नव्हतं. आता तो खरंच सोडून बसलाय, म्हणून लिहिलं.

*

*सटाण्याहून*

आमच्या बागलाणातला साल्हेर इथं यायलाच हवा. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याशी.

माझा आणि माझ्या मित्राचा सहा वर्षं अबोला होता. कारण डाळिंब. माझ्या बागेतली कलमं त्यानं नेली, पुढच्याच पावसाळ्यात दोघांच्याही बागांत तेल्या आला. फळावर काळे तेलकट डाग, मग फळ तडकतं, आणि एकदा तो बागेत शिरला की पाऊस आणि वारा त्याला झाडाझाडांवर नेतात. तो म्हणे तुझ्या कलमातून आला, मी म्हणे तुझ्या कात्रीतून. दोन्ही बागा उपटाव्या लागल्या. ज्यानं स्वतःच्या हातानं बाग उपटली त्यालाच ते कळेल.

ताहाराबादला एका लग्नात दोघं एकाच पंगतीत बसलो. वाढणाऱ्या पोरानं विचारलं, काका, लहानपणी तुम्ही साल्हेरला गेले होते ना? मित्र माझ्याकडं न बघता म्हणाला, "येत्या रविवारी परत जाणार आहोत." मला तेव्हाच कळलं.

मोटारसायकल वाघांब्यात लावली, साल्हेर आणि सालोट्यामधल्या खिंडीतून चढलो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, गुहांची रांग, वर गंगासागर तलाव आणि माथ्यावर परशुरामाचं देऊळ. भाद्रपद होता, सोनकीनं पठार पिवळं झालेलं. पण आमचं बोलणं "पाणी दे", "सांभाळ" एवढंच. उतरताना धुकं आलं. मित्र म्हणाला मला वाट माहीत आहे, मामाचं गाव आहे इकडं. खाली आलो तर खिंड नाही, वाघांबे नाही, भलतंच गाव. रस्त्यावर गुजरात पासिंगची जीप उभी. मित्राचा चेहरा उतरला. "अरे, आपण डांगात उतरलो."

पारावर एक म्हातारबाबा बसले होते. मित्रानं हात जोडले आणि येत होती नव्हती तेवढी गुजराती गोळा करून विचारलं, "काका, वाघांबे क्यां छे?" बाबांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि अहिराणीत म्हणाले, "कथा जानं शे भाऊ? सरळ बोल ना!"

आम्ही साल्हेर गावात होतो. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरलो होतो, एवढंच. मित्र रस्त्यातच पोट धरून खाली बसला. मीही. सहा वर्षांनी त्याचं ते जुनं, घोड्यासारखं हसू ऐकलं.

मोटारसायकलपर्यंत डोंगराला वळसा घालून अंधारात चालत जावं लागलं. त्या वाटेवर तेल्याचा विषय निघाला. त्यानं सांगितलं की त्या वर्षी कात्री औषधात न बुडवता गडी झाडामागून झाड छाटत गेला होता. मी सांगितलं की माझ्या एका ओळीत डाग आधीच दिसले होते आणि ते मी त्याला कळवलं नव्हतं. एवढं बोलून झालं तेव्हा वाघांब्याचे दिवे दिसले. आता दोघं मिळून कांदा आणि शेवगा करतो.

*

*सिन्नरहून*

माझा दोस्त इतिहासाचा मास्तर. औंढा-पट्टा-बितनगड असं एका दमात करायचं ठरवलं होतं. पट्ट्यावर पोचलो आणि मास्तर म्हणाले, १६७९ साली जालन्याहून परतताना महाराजांनी इथं मुक्काम केला, म्हणून हा विश्रामगड, तेव्हा इथं न विसावता पुढं जाणं बरं नाही. आडवे झाले. मी तीनदा हाक मारली. तीन तासांनी उठले, पाठीला गवताची नक्षी उमटलेली. औंढा गेला, एसटी गेली. पायथ्याच्या वाडीत एका घरी बाजरीची भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा मिळाला, रात्रभर मास्तरांनी त्या घरातल्या पोरांना किल्ल्याचा इतिहास सांगितला. दुसऱ्या दिवशी ती पोरंच आम्हाला वाट दाखवायला आली.

कुकरवाल्या काकांना एक विचारायचं आहे. धोडपवर शिट्टी झाली का?

*

*पुन्हा मीच, पंचवटीतून*

झाली. सगळ्यांचं लिहिणं मित्राला मोठ्यानं वाचून दाखवलं. जांभळ्या रेनकोटवाल्या आजींना त्यानं नमस्कार सांगितला आहे.

धोडपवर गुहेतल्या देवीपुढं मुक्काम होता. मी म्हटलं, एवढं ओझं कशाला वाहिलंस, डाळ पातेल्यातही शिजली असती. तेव्हा त्यानं प्रयोगशाळेतल्या आवाजात समजावलं. बाराशे-तेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. त्यात तूरडाळ तासभर रटरटते आणि तरी दाताखाली येते. कुकरमध्ये दाब कोंडला की पाणी शंभराच्या वर तापतं. "तुझं पोट आठवीपासून मला माहीत आहे. कच्ची डाळ तुला सोसत नाही." चार दिवस तो कुकर त्यानं माझ्या पोटासाठी वाहिला होता.

पहिली शिट्टी झाली तेव्हा बाहेर पूर्ण अंधार होता, थंडीनं बोटं आखडलेली. धोडपच्या टोकाला कातळाची ती उभी भिंत आहे ना, मधोमध खाच असलेली, तिच्याकडून आवाज परत आला असं तो म्हणतो. मला नाही आला. त्यावरून पुन्हा वाद, आणि खातरजमा करायला आणखी दोन शिट्ट्या. डाळ अगदी लोण्यासारखी झाली. वर लसणाची फोडणी, सोबत पायथ्याच्या हट्टी गावातून येताना घेतलेल्या भाकरी.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज सकाळी आम्ही गोदाकाठानं चालतो, आता तपोवनापर्यंत जाऊन येतो. कांचना ते चांदवड राहिलंय. डॉक्टरांनी जानेवारीत बघू म्हटलंय. काल रात्री साडेदहाला त्यानं मला एक फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. कुकरचं नवं रबर होतं.