आयडलला मिसिंग, रेस दिली की इंजिन सुरळीत: तपासणी कुठून सुरू करावी?

प्रश्न:
चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी. कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा) आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा). इंजिन गरम झालं की आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, थरथरतं, मधूनच बंद पडतं. रेस दिली की मिसिंग (एखाद्या सिलिंडरचं मधूनच न पेटणं) जातं, चढावर पिकअपही ठीक. प्लग नवीन, गॅप ०.७ मिमी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) घरी आहेत. कार्बोरेटर उघडावा का?

उत्तर १:
आत्ता नको. कॉइल किंवा प्लगवायर कमजोर असेल तर त्रास चढावर जास्त होतो, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. तुमचं उलट आहे. म्हणजे बहुधा कुठूनतरी जादा हवा ओढली जातेय, नाहीतर एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गळतंय. आयडलला मुळात हवा थोडी, म्हणून बारीक गळतीनेही मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल उघडल्यावर तेवढ्या हवेने काही बिघडत नाही. कार्बोरेटरच्या आयडल जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) कचरा असू शकतो, पण तो नंतर बघा.

आधी सिलिंडर ओळखा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिला जुना प्लग लावून त्याची धातूची बाजू इंजिनला पक्की बांधा, पेट्रोलच्या पाइपपासून लांब. मग सुरू करा. असं एकेक करून चारही सिलिंडरला करा. वायर नुसती लोंबकळत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो आणि झटकाही बसतो. ज्या सिलिंडरला आवाजात फरक पडत नाही, तोच मेलेला. त्याचा प्लग पांढरा असेल तर मिश्रण पातळ, कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय.

उत्तर २:
हवेची गळती शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो. साध्या पाण्याची फवारणी बाटली पुरते: इनटेक मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचा) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, आणि कार्बोरेटरचा तळ यांवर थोडं थोडं मारा, डिस्ट्रिब्युटर टाळा. पाण्याने फट क्षणभर बुजते आणि आयडल बदलतं. मॅनिफोल्डमधून ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळीही चिमटून बघा. आयडल सुधारलं तर गळती त्या बाजूला.

उत्तर ३:
कॉम्प्रेशन मात्र चुकवू नका. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची पुरवठ्याची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर दोष आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनची रिंग; नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन्ही कमी असतील तर गॅस्केटच धरा.

आणि टॅपेट वाजत नाहीत म्हणून समाधान मानू नका. व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) झिजली की टॅपेटचा गॅप कमी होत जातो, गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा हे वाईट.

प्रश्नकर्ता:
तिसरा सिलिंडर मेलेला, प्लग पांढरा. कॉम्प्रेशन १५५, १५०, १५०, १५५. तिसऱ्या पोर्टजवळ पाणी मारलं की आवाज बदलतो.

उत्तर २:
मग मॅनिफोल्डच. इंजिन थंड करून नट मधून बाहेर या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. जोर केलात तर स्टड तुटेल. फरक नाही पडला तर गॅस्केट बदला, आणि बसवण्याआधी फ्लँजवर (मॅनिफोल्डच्या सपाट कडेवर) सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून बघा. फ्लँज वाकला असेल तर नवा गॅस्केटही टिकणार नाही. शेवटी इंजिन गरम करून, एअर फिल्टर लावूनच कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू आणि आयडल पुन्हा सेट करा.