आजीच्या गोष्टींचा पॉडकास्ट करतेय, नुसता ऑडिओ ठेवू का व्हिडिओच करावा लागेल?

रामबागची_लेक (इंदूर)
नमस्कार मंडळी. माझी आजी ८६ वर्षांची आहे, आजोबा इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिलच्या भोंग्यावर घरातली कामं कशी चालायची, अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला जेल रोडवर रात्रभर कसे उभे राहायचे, १९८४ मध्ये राजवाडा जळाला तेव्हा गच्चीवरून काय दिसलं, हे सगळं ती इतकं छान सांगते ना. १९९१ मध्ये मिल बंद पडली त्यानंतर घर कसं चालवलं ते मात्र अजून पूर्ण सांगत नाही, तिथे आली की थांबते. दिवाळीपासून फोनवर रेकॉर्ड करतेय, ११ तुकडे झालेत, एकेक वीस-पंचवीस मिनिटांचा.

आता ज्याला विचारावं तो म्हणतो ऑडिओचे दिवस गेले, कॅमेरा लाव, रील्स काप. पण कॅमेरा दिसला की आजी पदर नीट करून शाळेत भाषणाला उभी राहिल्यासारखी बोलते. फोन नुसता पालथा ठेवला आणि ती अडकित्त्याने सुपारी कातरत बसली की मग खरी बोलते. तर पुढच्या चार-पाच वर्षांत नुसता ऑडिओ कोणी ऐकेल का?

आणि दुसरं, तिची भाषा आपली इंदुरी मराठी, "मी बोलली", "भाजी सुधारली" (म्हणजे चिरली) असं. पुण्याची आत्या म्हणते आधी हे नीट करून घे मग लोकांना ऐकव. काय करू?

दांडिया_बाजार (बडोदा)
ताई, मी ऑडिओ एडिटिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, पैसा व्हिडिओकडे चाललाय हे खरं आहे. यूट्यूबनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की महिन्याला १०० कोटींवर लोक त्यांच्याकडे पॉडकास्ट बघतात-ऐकतात. स्पॉटिफायने आधी २०१९ मध्ये गिमलेट आणि अँकर या पॉडकास्टवाल्या कंपन्या विकत घेतल्या, मग मोठमोठ्या लोकांशी फक्त आमच्याकडेच या असे करार केले, आता तेही व्हिडिओच्या मागे आहेत आणि त्यांचे काही शो नेटफ्लिक्सवर न्यायचा करार २०२५ मध्ये झाला. आपल्याकडे तर जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी झिरोधावाल्या निखिल कामतच्या पॉडकास्टवर येऊन बसले, त्यामुळे आता लोकांच्या डोक्यात पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन माइक आणि मागे दिवा असंच चित्र झालंय.

पण हे सगळं ज्यांना जाहिराती विकायच्या आहेत त्यांच्यासाठी. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जावं लागतं, ते आजीच्या गोष्टींना कधी होईल ते होईल, त्यासाठी तिला कॅमेऱ्यासमोर अवघडून बसवू नका. ऑडिओच करा आणि तोच एखादा जुना फोटो लावून यूट्यूबवरही चढवा. मिलचा, झांकीचा, कुठलाही घरातला फोटो चालेल. शोधणारा तिथेच शोधतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
बेटा, माझं ऐक, व्हिडिओ का ऑडिओ हा नंतरचा प्रश्न, आधी मूळ फाइली कुठे ठेवल्यास ते सांग. मी आमच्याकडच्या जुन्या गाणाऱ्या मंडळींच्या गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या, जनकगंजातल्या एका घरात बसून, ३८ भाग. एका फुकट साइटवर टाकत गेलो आणि फोनमधून पुसत गेलो कारण जागा नव्हती. साइट बंद पडली. ईमेल आला होता म्हणे, मी बघितला नाही. त्यातले दोघं आता हयात नाहीत. अजून झोपताना ते आठवतं.

पॉडकास्ट हा शब्द २००४ मधला, २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये घेतला, तेव्हापासून याचा पाया आरएसएस फीड आहे, म्हणजे तुझी एक यादी, कुठलंही अ‍ॅप ती वाचतं आणि भाग ऐकणाऱ्याकडे पोचवतं. अ‍ॅप येतात जातात, गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंदच झालं ना, पण ज्यांची फीड शाबूत होती त्यांचा शो दुसऱ्या अ‍ॅपवर चालूच राहिला. म्हणून होस्टिंग, म्हणजे भाग ठेवायची ऑनलाइन जागा, घेताना विचार की फीड दुसरीकडे नेता येते का. नेता येत नसेल तर नको घेऊस, फुकट असलं तरी नको. आणि मूळ रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर ठेव, एक तुझ्याकडे, एक दुसऱ्या घरी.

आकड्यांकडे रोज बघू नकोस. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनचं नवीन सॉफ्टवेअर आलं आणि जे लोक ऐकायचे थांबले होते त्यांच्या फोनवर आपोआप डाउनलोड होणं कमी केलं, तर मोठमोठ्या शोंचे आकडे खाली आले. ऐकणारे तेवढेच होते, मोजणं बदललं.

मूळची_इंदूरची (सध्या पुणे)
भाजी सुधारली!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. माझी आई असंच म्हणायची, इथे ऑफिसच्या डब्यात एकदा बोलून गेले तर सगळे विचारायला लागले भाजी बिघडली होती का. प्लीज काही नीट करू नका. मी रात्री भांडी घासताना कानात लावून ऐकते, तेव्हा हात ओले असतात, स्क्रीन कोण बघणार. मला ऑडिओच हवा.

रामबागची_लेक (इंदूर)
काका, तुमचं वाचून लगेच सगळ्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या, हार्ड डिस्क रविवारी आणते.

एक विचारायचं राहिलं. पंख्याचा आवाज काढायला एका एआय टूलमध्ये तिसरा भाग टाकला होता. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला पण अडकित्ता गायब, आणि मिल बंद झाली म्हणते तिथे ती जी थांबते ना, बराच वेळ, तीही जागा कापली गेली, लगेच पुढचं वाक्य. ऐकून मला कसंतरीच झालं.

दांडिया_बाजार (बडोदा)
अशा टूलमध्ये गप्प जागा कापायचा पर्याय बऱ्याचदा आपोआप चालू असतो, तो बंद करा, आणि सफाई पूर्ण लावू नका, थोडीच लावा. त्याहून सोपं म्हणजे रेकॉर्ड करताना पंखा बंद, खाली गोधडी अंथरा आणि फोन आजीच्या तोंडापासून वीतभर. अडकित्ता राहू द्या.

एआयचं म्हणाल तर २०२४ पासून गूगलच्या नोटबुक-एलएममध्ये कागद टाकला की दोन आवाज गप्पा मारतात, अख्खा भाग मिनिटांत तयार. माहिती सांगणाऱ्या शोंचा यापुढे पूर येणार आणि त्यात बरेच बुडणार असं मला वाटतं. तुमच्या आजी जिथे थांबतात ते मशीनकडे कुठून येणार, म्हणून ती जागा तशीच ठेवा. फक्त एक करा, टाकायच्या आधी प्रत्येक भाग त्यांना ऐकवा. शेजारपाजारच्यांची, भाऊबंदांची नावं येतात गोष्टीत, त्यांना नको असेल तर काढा.

रामबागची_लेक (इंदूर)
आज दुपारी पहिला भाग ऐकवला. डोळे मिटून पूर्ण ऐकला तिने. मग म्हणाली पहाटेच्या भोंग्याची वेळ चुकीची सांगितली गेली, आजोबा त्याच्याही आधी उठून बंब पेटवायचे, ते राहिलंच, परत लाव फोन. आणि स्वतःहूनच म्हणाली, मिल बंद झाली त्या दिवशी ते डबा तसाच भरलेला घेऊन परत आले होते. एवढंच बोलली आणि सुपारी कातरायला लागली. फोन चालू होता.