मदत हवी आहे: मेंदूतलं सेरोटोनिन (मन आणि झोप सांभाळणारं रसायन) कधी भरून येतं? ते वाढवणारं ५-एचटीपी हे पूरक किती घ्यावं?

पारवा
गोळ्या पूर्ण बंद केल्यात. तरी झोप नाही, मन उदास, वाचलेलं लक्षात राहत नाही. ५-एचटीपी आणलंय. किती मिलिग्रॅम, उपाशीपोटी की जेवून? लवकर सांगा.

रेणू_क
कुठल्या गोळ्या? शेवटची कधी? दुसरं कुठलं औषध चालू आहे?

पारवा
एमडीएमएच, म्हणजे एक्स्टसी, नशेच्या गोळ्या, आणखी कुठल्या! बहुतेक शनिवार-रविवारी. डोसचं सांगा ना.

आडवाट
आधी रक्तातलं सेरोटोनिन तपासून घ्या. आकडा कळल्याशिवाय डोस ठरवणार कसा?

रेणू_क
त्या तपासणीचा इथे काही उपयोग नाही. रक्तातलं सेरोटोनिन आतड्यातून येतं आणि प्लेटलेटमध्ये साठतं. ते मेंदूत जात नाही आणि मेंदूतलं किती आहे हेही त्यावरून कळत नाही.

पारवा, एमडीएमए सेरोटोनिन पेशीत परत नेणाऱ्या वाहक प्रथिनातून पेशीत शिरतं आणि तोच वाहक उलटा चालवतं, म्हणून साठा बाहेर पडतो. शिवाय सेरोटोनिन बनवणारं ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम निकामी होतं. साठा लगेच भरत नाही तो यामुळे.

तर्कट
कायमच्या नुकसानीची भीती उगाच घालतात. 'सायन्स'मधला २००२चा माकडांवरचा शोधनिबंध २००३मध्ये मागे घ्यावा लागला. एमडीएमए म्हणून मेथॅम्फेटामाइन टोचलं होतं!

रेणू_क
तो निबंध डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाबद्दल होता. सेरोटोनिनचे पुरावे वेगळे आणि त्याच्या आधीपासूनचे आहेत. प्राण्यांमध्ये मोठ्या डोसनंतर मेंदूच्या बाह्यकाकडे (बाहेरच्या थराकडे) जाणारे सेरोटोनिन-पेशींचे बारीक तंतू झडतात, जाड तंतू बरेचसे टिकतात. शरीर तापलेलं असेल तर नुकसान वाढतं, उंदरांना थंड ठेवलं तर कमी होतं.

तर्कट
माणसांचं काय? पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूच्या चित्रणात, सेरोटोनिनचे वाहक कमी दिसले म्हणजे तंतू तुटलेच असं होत नाही.

रेणू_क
मान्य, पेशी वाहकांची संख्या स्वतःहूनही घटवू शकते. आणि बंद केल्यावर वाहक पुष्कळसे भरून आलेले दिसतात, त्याला महिने लागतात. स्मरणशक्ती मात्र त्याच वेगाने सुधारते असं नाही.

मुक्तछंद
कधी घेतलीच तर पाणी भरपूर पीत राहा, काही होत नाही.

रेणू_क
हा सल्ला धोक्याचा आहे. एमडीएमएमुळे शरीर पाणी धरून ठेवतं. वर भरमसाट पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. आणि इथे विचारलंय काय?

पारवा, दुसऱ्या औषधाचं उत्तर राहिलं.

पारवा
डॉक्टरांनी उदासीवर एसिटालोप्राम दिलंय. गोळ्यांचं त्यांना माहीत नाही. त्याचा इथे काय संबंध?

रेणू_क
सगळा संबंध तिथेच आहे. ५-एचटीपी त्या एन्झाइमची पायरी ओलांडून थेट सेरोटोनिन बनतं आणि एसिटालोप्राम ते पेशीत परत जाऊ देत नाही. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन अति वाढून होणारा धोकादायक विकार, होऊ शकतो. घेतलंत का आधीच?

पारवा
काल रात्री १००ची एक, आज सकाळी एक. हात जरा थरथरतायत, जुलाब होतायत. झोप नाही म्हणून असेल.

आडवाट
मॅग्नेशियम घ्या, थरथर थांबेल.

रेणू_क
काहीही घेऊ नका. पारवा, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर तातडीच्या विभागात जा, एकटे जाऊ नका. ५-एचटीपीची बाटली आणि एसिटालोप्रामची पट्टी सोबत न्या. एमडीएमए शेवटचं कधी घेतलं तेही सांगा, लपवू नका. ताप, घाम, गोंधळल्यासारखं होणं, पाय आपोआप झटकणं यातलं काहीही सुरू झालं तर फोनची वाट न पाहता निघा. एसिटालोप्रामचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. निघालात की इथे कळवा.