अनुभव धागा: नशा सुटली, झोप कधी येते?

सिडकोकर:
काल मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला उभा होतो. शेजारी पंचविशीतला मुलगा, डोळे तांबारलेले. "झोपेची एखादी द्या ना, चार रात्री डोळा लागला नाही." दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तो गप निघून गेला. त्याचे हात थरथरत होते. २०१६ मध्ये माझे असेच थरथरायचे.
दारू सोडल्यावर पाच आठवडे मला सलग दोन तास झोप नव्हती. रात्री उठून बसायचो आणि डोक्यात एकच, एक क्वार्टर मारली की झोपशील. दारूने येते ती गुंगी, मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. नशा काढून घेतली की मेंदू काही आठवडे, कधी काही महिने जास्तच जागा राहतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर इतका घाबरलो नसतो. तुम्ही त्या रात्री कशा काढल्या?

निफाडचा शेतकरी:
रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला जागायची सवय होतीच. पण जागून करायचं काय? त्या जानेवारीत थंडी उतरली तेव्हा द्राक्षबागेतल्या शेकोट्या मीच सांभाळल्या. बाकीच्यांना म्हटलं, झोपा तुम्ही.

पंचवटीची माई:
दादा, यंदा माल कसा आहे?

निफाडचा शेतकरी:
माई, घड बरे आहेत. भावाचं बघू.

स्वरा_आई:
माझं ऐका सगळे. मीच हट्ट धरला म्हणून ह्यांनी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम थांबवायची नसते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. मला माहीत नव्हतं हो.

सिडकोकर:
ताई, तुमचा दोष नाही त्यात.

अंबड रात्रपाळी:
गोळीचं मी सांगतो. दारू सुटली आणि अल्प्राझोलाम चिकटली, घबराट-झोपेसाठी देतात ती गोळी, दीड वर्ष. ती पण एकदम सोडता येत नाही. डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. डब्याच्या झाकणावर गोळी ठेवून ब्लेडने पाव तुकडा करायचो, भुगा उडाला की जीव कासावीस. नव्या डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगा की मला व्यसन होतं. लाजू नका.
आणि अंथरुणात तळमळत पडायचं नाही. वीसेक मिनिटं झाली वाटलं की उठायचं. मी ओट्यापाशी बसून लसूण सोलायचो. झोप कितीही वाजता लागो, उठायचं ठरल्या वेळी. दुपारनंतर चहा बंद.

पंचवटीची माई:
लसूण सोलायला आमच्याकडे या, किलोभर पडलाय 😄
जायफळ घालून दूध चालतं का?

स्वरा_आई:
चिमूटभरच माई. जायफळ जास्त झालं की त्याचीही नशा चढते.

गंगेवर रोज:
मी पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदाकाठी, चालायला जायचो, रामकुंडापासून पुढे. उजाडेपर्यंत थांबायचो, ऊन अंगावर घ्यायचो. तीन-चार आठवड्यांनी रात्री जरा पापणी जड व्हायला लागली. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६.

नवा सभासद:
अठरावा दिवस. आत्ता २:४० झालेत. सगळं वाचलं.

सिडकोकर:
जागा आहे मी. डॉक्टरांकडे चाललंय ना? घरात कोण आहे?

नवा सभासद:
हो, दर सोमवारी. आई आहे, झोपलीये.

सिडकोकर:
झोपू दे तिला. अंथरुणावरून ऊठ आधी. लसूण आहे का घरात?