गुलामगिरीची आठवण ठेवणारा राष्ट्रीय दिवस आपल्याकडे का नाही?

दादरकर८१: अमेरिकेत २०२१ पासून १९ जूनला राष्ट्रीय सुट्टी असते, गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून. आपण कोणता दिवस ठेवावा?

भायखळ्याची_लेक: निजामशाहीचा वजीर मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला, हे किती जणांना माहितेय? आणि ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईत उतरवली, तिथून काही नाशिकच्या शरणपूरला नेली, हे मला तिशीनंतर कळलं, खूप वाईट वाटलं.

वसईवाला: माझं मत २५ ऑक्टोबर. वेठबिगारीबंदीचा कायदा १९७६ चा, पण लागू २५ ऑक्टोबर १९७५ पासून. आमच्याकडचे लग्नगडी आठवा, लग्नासाठी कर्ज काढायचं आणि मग नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, ही गुलामीच की!

दादरकर८१: पटलं. पण नुसती सुट्टी नको, शाळेत त्या दिवशी सिद्दी (आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज) आणि वेठबिगारीत राबलेल्या कातकरी आदिवासी घरांतली माणसं बोलवा.