एकाच चटईवर मूल आणि पालक: मँडरिन शिकतानाचे अनुभव

दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांना आई, वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणा एकासह प्रवेश देणारे मँडरिनचे, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेचे, वर्ग आता अनेक ठिकाणी चालतात. अशा वर्गांच्या माहितीपत्रकांत मुलांविषयी पुष्कळ मजकूर असतो. मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या माणसाचे तिथे काय होते, याविषयी मात्र त्यांत क्वचितच काही सापडते. ज्यांनी असा वर्ग प्रत्यक्ष केला आहे किंवा अर्ध्यावर सोडला आहे, त्यांनी आपला अनुभव इथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. ‘मुले पटकन शिकतात’ हे सर्वांना ठाऊक आहे. काय शिकतात, कशामुळे शिकतात आणि घरी आल्यावर त्यातले काय टिकते, हे कळले तर नव्याने येणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून करते. आमच्या वर्गात शिक्षिका पहिल्या दिवसापासून मँडरिनखेरीज अन्य भाषेत एक शब्दही बोलत नव्हत्या, आणि पालकांनी मुलाच्या कानात अर्थ सांगू नये, एवढा एकच नियम त्यांनी आधी लेखी कळवला होता. हा नियम मला अनाठायी कडक वाटला होता. पण वर्गात बसल्यावर त्याचे कारण डोळ्यांनीच दिसले. ज्या मुलाला शेजारून अर्थ सांगितला जात असे, ते शिक्षिकेकडे पाहणेच सोडून देई आणि प्रत्येक नव्या शब्दाला पालकाकडे वळे. ज्याला कोणी काही सांगत नसे, ते शिक्षिकेच्या हातातील चेंडूकडे, त्यांच्या डोळ्यांकडे आणि ओठांकडे पाहून स्वतःच अंदाज बांधत असे. पालकाला तिथे दुभाष्याचे नव्हे, तर दुसऱ्या विद्यार्थ्याचे काम असते, आणि ते काम पर्यवेक्षकाच्या कामापेक्षा पुष्कळ अवघड आहे. शिक्षिकेने ‘उडी मारा’ असे सांगितल्यावर स्वतः उडी मारणारे पालक आमच्या वर्गात मोजकेच होते, आणि मुलेही त्यांचीच उडी मारत होती.

दीड वर्षाच्या मुलीची आई

माझी मुलगी वर्गात बराच काळ एक अक्षरही बोलली नाही. ती फक्त पाही, आणि गाणे सुरू झाले की माझ्या गळ्यात हात टाकून बसे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आले, की ‘छीलाय’ म्हटले की ती उठते आणि ‘त्सुओ श्या’ म्हटले की बसते. मी जागेवरून हलले नाही तरीही. मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960च्या दशकात मांडलेली आज्ञा ऐकून शरीराने उत्तर देण्याची पद्धत अशा वर्गांचा कणा असते, हे नंतर शिक्षिकेकडून कळले. बोलण्याआधीचा हा मूक काळ नव्या भाषेत आलेल्या अनेक मुलांत दिसतो. त्या काळात ‘हे काय आहे, सांग बरे’ असे विचारून परीक्षा घेऊ नये, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. पाहुण्यांसमोर मुलीला ‘चिनी बोलून दाखव’ म्हणण्याची आपली हौस इथे अगदी निरुपयोगी ठरते. तिचे पहिले शब्द अंघोळीच्या वेळी आले, मला उद्देशून नव्हे तर प्लॅस्टिकच्या बदकाला उद्देशून.

अडीच वर्षांच्या मुलाचे वडील

मला उच्चारांविषयी थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण मराठी भाषकाला इथे जो फायदा मिळतो तो कोणी सांगत नाही. मँडरिनचे उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत चीनमध्ये 1958 साली स्वीकारली गेली. पालकांना दिलेल्या कागदांवर हीच लिपी असते आणि ती इंग्रजीच्या सवयीने वाचली की घोटाळा होतो. पिनयिनमधील ‘बी’ या अक्षराचा उच्चार आपल्या ‘ब’सारखा नसून ‘प’च्या जवळचा आहे, आणि ‘पी’चा उच्चार ओठ मिटून केलेल्या ‘फ’चा आहे; ‘जी’ म्हणजे ‘क’ आणि ‘के’ म्हणजे ‘ख’. फरक घोष-अघोषाचा (कंठ कंप पावतो की नाही याचा) नसून अल्पप्राण-महाप्राणाचा (श्वासाचा झोत सुटतो की नाही याचा) आहे, आणि हा फरक आपल्याला बाराखडीपासूनच ठाऊक असतो. मी वर्गातील कागद बाजूला ठेवून सारे शब्द देवनागरीत लिहून घेतले आणि माझे निम्मे प्रश्न तिथेच सुटले. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील दोन निराळे ‘च’ मँडरिनमध्येही वेगळे ठेवावे लागतात. मात्र ‘चाक’मधल्या ‘च’चा महाप्राण मराठीत नाही, तो शिकावाच लागतो, आणि जीभ मागे वळवून केलेला ‘च’ तर मला अजूनही प्रत्येक वेळी जमतो असे नाही. मुलाला हे सारे उच्चार ऐकून ऐकूनच आले. त्याला नियम सांगण्याची वेळच आली नाही.

सुरांचे, म्हणजे शब्द उच्चारतानाच्या आवाजाच्या चढउतारांचे, मात्र तसे नाही. मँडरिनमध्ये चार सूर आहेत: उंच आणि सपाट, चढता, खाली जाऊन पुन्हा वर येणारा आणि ठाम उतरता, शिवाय एक हलका सूर आहे. तिसऱ्या सुरातला ‘माय’ म्हणजे विकत घेणे आणि चौथ्या सुरातला ‘माय’ म्हणजे विकणे, त्यामुळे दुकान-दुकान खेळताना माझा मुलगा आणि मी पुष्कळदा एकमेकांना एकच वस्तू विकत असू. आपण मराठीत प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट चढवतो आणि ती सवय शब्दाचा सूरच बदलून टाकते. त्यावर मला एकच उपाय सापडला: शब्द एकटा पाठ न करता पूर्ण वाक्यात, हाताने सुराची दिशा दाखवत म्हणणे. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरासारखा होतो, हा नियम मला वहीत लिहावा लागला. मुलगा ‘नी हाओ’ अखंड एकाच तुकड्यात उचलतो, त्यामुळे त्याच्या तोंडी तो आपोआप बरोबर असतो.

नातवाबरोबर जाणारी आजी

मुलगा आणि सून दोघेही कामावर असल्याने वर्गाला मीच जाते. मला शब्द लवकर आठवत नाहीत, पण एका हाताच्या बोटांनी सहा ते दहा दाखवण्याची चिनी पद्धत मात्र मला नातवाच्या आधी आली. सहासाठी अंगठा आणि करंगळी ताठ ठेवून बाकीची बोटे मिटायची असतात. त्याची बोटे अजून तितकी वळत नाहीत, म्हणून तो माझा हात धरून माझीच बोटे मिटवतो, आणि त्या निमित्ताने आमची उजळणी होते. आईची आई आणि वडिलांची आई यांना मँडरिनमध्ये निराळी नावे आहेत, त्यामुळे मी कोण आणि विहीणबाई कोण, हे आता त्याला पक्के ठाऊक आहे. नव्या पालकांना एवढेच सांगते, की जमिनीवर बसणे-उठणे फार होते, तेव्हा गुडघ्यांचा विचार आधी करावा.

जिच्या घरात मँडरिन आधीपासूनच आहे अशी आई

आमची गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्या पतीची मातृभाषा मँडरिन आहे आणि ते मुलीशी त्याच भाषेत बोलतात, मी मराठीत. वर्ग तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी होता; बापलेकींचे काय चालले आहे, ते मला कळावे, एवढीच माझी अपेक्षा होती. अडचण अशी आली, की घरी मी मँडरिनमध्ये काही बोलले की मुलगी माझ्या तोंडावर हात ठेवी. या वयाची अनेक मुले माणूस आणि भाषा यांची पक्की जोडी मनात बांधतात, आणि आईने बाबांची भाषा बोलणे त्यांना रुचत नाही. वर्गात मात्र तिची हरकत नसे, कारण तिथे सगळ्याच आया तशा बोलत होत्या. म्हणून मी घरी बोलण्याचा आग्रह सोडला आणि वर्गात मनसोक्त बोलून घेतले.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट व्याकरणातली आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, तसाच उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये ‘त्सानमन’ आणि ‘वोमन’ असा आढळतो. पतीचे कुटुंब उत्तरेकडचे असल्याने दूरध्वनीवरील त्यांच्या संभाषणात आपला समावेश आहे की नाही, हे मला आता निदान एका शब्दावरून तरी ओळखता येते.

वर्ग अर्ध्यावर सोडलेले पालक

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी मराठीतही फारसे बोलत नव्हता. नातेवाइकांनी सारा दोष मँडरिनवर ठेवला, आणि आम्ही वर्ग थांबवला. नंतर वाक्-उपचारतज्ज्ञांना भेटलो तेव्हा त्यांनी प्रथम श्रवणचाचणी करून घेतली आणि मग सांगितले, की एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने मुलाच्या बोलण्यात विकार निर्माण होत नाही. शब्द मोजायचे तर सर्व भाषांतले मिळून मोजावेत, आणि बोलण्यास उशीर होत असेल तर भाषा कमी करत बसण्याऐवजी तपासणी लवकर करावी. वर्गात परत जाण्याचा मार्ग मोकळा होता, तरी आम्ही गेलो नाही, कारण आठवड्यातून एकदा गाणी म्हणायची आणि उरलेल्या दिवसांत घरात ती भाषा कोणीच बोलायची नाही, यातून काही साध्य होत नव्हते. हे मत इथे अनेकांना आवडणार नाही, पण ज्यांना रोज थोडा वेळ देणे शक्य नाही त्यांनी हा वर्ग भाषेसाठी नव्हे, तर मुलासोबत वेळ घालवण्यासाठी करावा, असे मला वाटते.

पडद्यावरून शिकवून पाहिलेली आई

वरच्या मताला जोडून लिहिते. वर्ग दूर असल्याने आम्ही आधी चित्रफितींवर भागवले होते. मुलगी तल्लीन होऊन पाही, पण एकही शब्द तिच्या तोंडी आला नाही. बाळांच्या भाषाशिक्षणाच्या संशोधक पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन बोलणाऱ्या व्यक्तींनी 12 सत्रांत पुस्तके वाचून दाखवली आणि खेळणी दाखवत त्यांच्याशी खेळले, तेव्हा त्या बाळांना इंग्रजीत नसलेला ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. तेच साहित्य केवळ चित्रफितीवर किंवा ध्वनिफितीवर मिळालेल्या बाळांत हा परिणाम दिसला नाही. मात्र सरसकट पडद्याला दोष देता येत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 24 ते 30 महिन्यांची मुले समोरची व्यक्ती त्यांना प्रत्यक्ष प्रतिसाद देत असलेल्या व्हिडिओ कॉलवरूनही नवी क्रियापदे शिकली. म्हणून आम्ही चित्रफिती बंद केल्या आणि शिक्षिकेबरोबर थोडा वेळ कॉल सुरू केला. मी शेजारी बसून प्रत्येक वाक्याला उत्तर दिले की मुलगीही देते. मी भ्रमणध्वनी हातात घेतला की तीही उठून जाते.

साडेतीन वर्षांच्या जुळ्यांचे वडील

आमच्या वर्गातील काही पालकांना चित्रलिपीची घाई झाली होती. शिक्षिकेने दोन-चार सोप्या अक्षरांची, म्हणजे दोन रेघांच्या ‘माणसा’ची आणि तीन सुळक्यांच्या ‘डोंगरा’ची, चित्रे म्हणून ओळख करून दिली आणि लिहिणे पुढे ढकलले, ते मला योग्य वाटले. पुस्तके घेताना मात्र पाहून घ्यावे: चीन आणि सिंगापूर येथील पुस्तकांत सुलभ केलेली अक्षरे असतात, तर तैवानच्या पुस्तकांत पारंपरिक अक्षरे असतात आणि मुलांच्या पुस्तकांत उच्चार दाखवायला त्यांच्या बाजूला झुयिन नावाची निराळी चिन्हे छापतात. दोन्ही प्रकारची पुस्तके घरात असली तर मुलांचे काही बिघडत नाही, वाचून दाखवणाऱ्याची मात्र तारांबळ उडते.

माझी अडचण वेगळीच आहे. मुले आता पालकांशिवायच्या वर्गात जाण्याच्या वयाची झाली आहेत, आणि मला त्या वर्गात प्रवेश नाही. आतापर्यंत त्यांना येणारे सारे मला येत होते, त्यामुळे घरी बोलणे चालू राहिले. प्रौढांच्या वर्गात नाव घातले तर तिथे सुरुवात परिचय, व्यवसाय आणि वेळापत्रक यांपासून होते, बदक आणि चेंडू यांच्याशी त्याचा मेळ बसत नाही. हा टप्पा पार केलेल्या कोणी आपण काय केले हे लिहिले, तर मला हवे आहे.