उत्तर: चहाच्या सुट्टीत संपेल असा खेळ

पाच मिनिटांत संपणारा आणि चटक न लावणारा खेळ कोणता, असा प्रश्न एकाने विचारला आहे. माझं मत वर्डल या ऑनलाइन इंग्रजी शब्दखेळाला. दिवसाला एकच शब्द ओळखायचा, पाच अक्षरं, सहा प्रयत्न. मग उद्यापर्यंत थांबायचं. हे थांबणंच मला फार आवडतं. जॉश वॉर्डल यांनी तो आपल्या जोडीदारासाठी बनवला होता, ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला.

एक गोष्ट अनुभवाने सांगते. शेवटची चार अक्षरं हिरवी झाली (म्हणजे बरोबर जागी बसली) आणि फक्त पहिलं उरलं, म्हणजे (IGHT ने संपणारे) लाइट, नाइट, फाइट, माइट, साइट यांपैकी काहीही असू शकतं, तर एकेक घालून बघू नका, प्रयत्न संपतात. त्याऐवजी एल, एन, एफ, एम यांतली दोन-तीन अक्षरं असलेला भलताच शब्द टाका. एक खेप जाते, पण पुढचं उत्तर बरंचसं उघडं पडतं. हार्ड मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या अवघड प्रकारात, मात्र ही युक्ती चालत नाही, सापडलेली अक्षरं तिथे वापरावीच लागतात.

सुडोकूही छान, पण अवघड असेल तर चहा गार होतो. तो लोकलच्या लांब प्रवासासाठी ठेवा.